न दुखणाऱ्या पायाची जखम

मधुमेहाच्या दवाखान्यात पायाची जखम घेऊन आलेल्या माणसाला “कधीपासून आहे?” असं विचारलं, की बहुतेक वेळा उत्तर येतं, “दुखत नव्हतं हो, म्हणून लक्ष गेलं नाही.” कुणाला ती मोज्यावरच्या डागावरून कळते, कुणाला फरशीवर उमटलेल्या ओल्या ठशावरून. कधी घरात वास येऊ लागतो आणि सून विचारते, “बाबा, पाय बघू जरा.” तोवर आठवडे उलटलेले असतात. मग घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, “डॉक्टर, चांगलं मलम कुठलं?”

मलमाचा क्रमांक या उपचारात फार खाली लागतो. त्याच्या आधी चार प्रश्नांची उत्तरं मिळवायची असतात. पायाला संवेदना आहे का? रक्त पोचतंय का? जंतूंचा संसर्ग झालाय का? जखम हाडापर्यंत गेलीय का? उपचार या उत्तरांवर ठरतो. ही तपासणी कशी होते आणि तिच्यातून उपचार कसा निघतो, हे रुग्णाच्या घरात एकाला तरी माहीत असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण आहेत. मधुमेह झालेल्या माणसाला आयुष्यात कधीतरी पायाला अशी जखम होण्याची शक्यता १९ ते ३४ टक्के धरली जाते. आणि मधुमेहामुळे जे पाय कापावे लागतात, त्यांतल्या सुमारे ८५ टक्के पायांची गोष्ट एखाद्या लहानशा जखमेपासूनच सुरू झालेली असते.

ही जखम होते कशी, ते आधी पाहू. रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की शरीरातले सर्वांत लांब मज्जातंतू आधी बिघडतात, म्हणजे पायाच्या बोटांपर्यंत जाणारे. सुरुवातीला मुंग्या येतात, रात्री तळवे जळजळतात. पुढे ही जळजळ हळूहळू थांबते आणि माणसाला वाटतं, बरं वाटायला लागलं. पुष्कळदा तो बरेपणा नसून बधिरपणा असतो. संवेदनेबरोबरच पायातल्या लहान स्नायूंना हुकूम देणारे मज्जातंतूही मंदावतात. स्नायू सुकतात, बोटं नखीसारखी आत वळतात, चवड्याखालची चरबीची गादी पुढे सरकते आणि हाडांची टोकं थेट जमिनीवर टेकू लागतात. घाम आणणारे मज्जातंतूही सुटत नाहीत. पायाला घाम येईनासा होतो, कातडी कोरडी पडते, टाचांना भेगा जातात.

आता असा पाय रोज चालतो. जिथे दाब जास्त, तिथे कातडी जाड होऊन घट्टा तयार होतो. तो घट्टाच चपलेत अडकलेल्या खड्यासारखा आतल्या मांसाला टोचत राहतो. तुम्हाआम्हाला असा खडा टोचला तर आपण दहा पावलांत थांबतो. बधिर पायाचा माणूस थांबत नाही. घट्ट्याखाली रक्त साकळतं, मांस मरतं, पोकळी होते आणि शेवटी वरची कातडी फुटते. म्हणजे ही जखम आतून बाहेर येते. बाहेर दिसतं ते वाटाण्याएवढं भोक, आत तिचा पसारा कितीतरी मोठा असू शकतो.

सगळ्याच जखमा अशा हळू होत नाहीत. चपलेच्या तळातून वर आलेला खिळा दिवसभर रुतत राहतो. अंगठ्याची चप्पल पायातून निसटते आणि माणूस तसाच पुढे चालत जातो. दुचाकीच्या सायलेन्सरला पोटरी चिकटते. चैत्र-वैशाखात भर दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा होते आणि संध्याकाळी तळव्याला फोड दिसतात. झोपेत उंदीर बोट कुरतडून जातो आणि जाग येत नाही. ही गोष्ट ऐकायला अतिशयोक्त वाटते, पण भारतातल्या डॉक्टरांनी तिची नोंद वारंवार केलेली आहे. भातलावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, तिथून जंतू आत शिरतात. शिवाय आपल्याकडचे घरगुती उपाय आहेतच. कुरूप किंवा भेगेवर बिब्बा लावणं हा त्यांतला सर्वांत घातक. बिब्ब्याच्या तेलानं कातडी भाजते. चांगल्या पायाला ती आग लगेच कळते आणि माणूस हात आवरतो. बधिर पायावर तो खोलवर भाजत जातो. औषधाच्या दुकानात मिळणारी कुरूपपट्टीही आम्लाचीच असते, तिचाही परिणाम तसाच.

वेदना नसण्याचा हा अर्थ जगाला नीट कळला तो आपल्याच देशात, आणि तोही मधुमेहाच्या नव्हे तर कुष्ठरोगाच्या रुग्णांमुळे. पॉल ब्रँड हे शल्यविशारद १९१४ साली तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मले आणि १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करू लागले. कुष्ठरोगात हातपायांचं मांस रोगानं आपोआप सडतं, असा तेव्हा समज होता. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारकाईनं पाहून दाखवलं, की बधिर झालेल्या हातापायांना माणूस नकळत इजा करून घेतो आणि त्या इजांची पुनरावृत्तीच त्यांना झिजवते. त्या पायांना प्लास्टर घालून विसावा दिला की वर्षानुवर्षांच्या जखमा भरून येत. १९६६ साली ब्रँड अमेरिकेत लुईझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले. मधुमेहींच्या पायाच्या जखमांची जातकुळी हीच आहे आणि त्यांनाही हाच उपाय लागू पडतो, ही गोष्ट तिथून पुढे जगभर गेली.

आता तपासणीकडे. समजा, एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक आहेत. वय ६०, मधुमेह १५ वर्षांचा. उजव्या पायाच्या अंगठ्यामागे, चवड्यावर जखम आहे. मुलगा त्यांना घेऊन आला आहे.

चांगला डॉक्टर आधी चपला मागतो. आतून हात फिरवून शिवण, खिळा, खड्डा शोधतो. तळावर कुठे जास्त झीज आहे ते पाहतो, कारण जखम आणि झीज पुष्कळदा एकाच जागी सापडतात. मग दोन्ही पाय पाहतो. जखमेपुरतं फडकं सोडून बघणं म्हणजे तपासणी नव्हे. पायाचा आकार, बोटांच्या बेचक्या, नखं, टाचा, कातडीचा रंग, दोन पायांतला उष्णतेचा फरक, सगळं हातानं आणि डोळ्यांनी तपासायचं असतं.

संवेदना तपासायला एक साधं साधन आहे, नायलॉनचा जाड दोरा बसवलेली दांडी. दोरा असा बनवलेला असतो की १० ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो. डॉक्टर तो आधी हाताला लावून दाखवतात. मग म्हणतात, “काका, डोळे मिटा. लागल्यासारखं वाटलं की ‘हो’ म्हणा, आणि कुठल्या पायाला ते सांगा.” अंगठ्याचा तळ आणि चवड्यावरची दोन टोकं, अशा ठिकाणी दोरा वाकेपर्यंत टेकवतात. घट्ट्यावर टेकवत नाहीत, कारण तिथे कुणालाच नीट कळणार नाही. मधूनमधून न टेकवताच विचारतात, म्हणजे अंदाजानं दिलेली उत्तरं पकडली जातात. १२८ हर्ट्झचा कंपनकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवून थरथर जाणवते का, तेही पाहतात. घरी ही साधनं नसतात, पण इंग्लंडमधल्या इप्सविच इथे तयार झालेली एक पद्धत कुणालाही जमते. डोळे मिटलेल्या माणसाच्या दोन्ही पायांच्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बोटांच्या टोकांना तर्जनीनं एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करायचा. दाबायचं नाही, गुदगुल्या करायच्या नाहीत. सहांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळलं नाही, तर पाय धोक्यात आहे असं धरायचं.

यानंतर रक्तपुरवठा. पावलाच्या वर आणि घोट्याच्या आतल्या बाजूला मागे, अशा दोन जागी नाडी लागते का ते चाचपतात. मधुमेह नसलेल्या माणसाच्या पायाचं रक्त कमी झालं तर चालताना पोटऱ्या दुखतात. बधिर पायात ही सूचनाही पुष्कळदा मिळत नाही. म्हणून मोजमाप लागतं. घोट्यापाशी रक्तदाब घेऊन त्याला दंडातल्या रक्तदाबानं भागतात. उत्तर ०.९ ते १.३ या दरम्यान आलं तर साधारण ठीक. पण मधुमेहात एक फसगत असते. पायाच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींत चुना साचून त्या कडक होतात, पट्ट्यानं दबत नाहीत आणि आकडा खोटाच चांगला येतो. म्हणून डॉप्लर यंत्रावर रक्ताच्या लाटेचा आकार बघायचा, आणि शक्य असेल तिथे पायाच्या अंगठ्यातला रक्तदाब मोजायचा. अंगठ्यातला दाब ३० मिलिमीटरच्या खाली किंवा घोट्यातला ५० च्या खाली असेल, तर जखम आपोआप भरेल ही आशा धरू नये. रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदाला तातडीनं दाखवायला हवं.

आमच्या वाहककाकांच्या नाड्या लागतात, लाटही चांगली आहे, असं धरू. मग जखमेभोवतीचा घट्टा आणि मेलेलं मांस पात्यानं काढून टाकतात. संवेदना नसल्यानं पुष्कळदा भूल द्यावी लागत नाही. हे केल्याशिवाय जखमेचा खरा आकार कळतच नाही. आठाण्याएवढी वाटलेली जखम रुपयापेक्षा मोठी निघते आणि मुलाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरतो. त्याला तिथेच समजावून सांगायला हवं, की डॉक्टरांनी जखम वाढवलेली नाही, ती तेवढीच होती.

मग बोथट टोकाची निर्जंतुक धातूची सळई हळूच आत घालतात. ती टणक, खरखरीत पृष्ठभागावर आदळली तर ते हाड. संसर्ग झालेल्या जखमेत सळई हाडाला टेकली, तर हाडालाही संसर्ग झाला असण्याची शक्यता मोठी असते. एक्स-रे काढतातच, पण हाडातला बदल एक्स-रेमध्ये उमटायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. पहिला एक्स-रे चांगला आला म्हणून निर्धास्त व्हायचं नसतं. शंका असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा काढायचा किंवा एमआरआय करायचा.

संसर्ग आहे की नाही, हे प्रयोगशाळेत ठरत नाही, पायाकडे पाहून ठरतं. प्रत्येक उघड्या जखमेवर जंतू असतातच. सूज, भोवतालची लाली, ऊब, दुखरेपणा, पू, यांतली किमान दोन लक्षणं असली तर संसर्ग म्हणायचा. लाली जखमेच्या काठापासून २ सेंटिमीटरच्या आत आणि वरवरची असेल तर तो सौम्य. त्याहून पसरली किंवा खोल गेली तर मध्यम. आणि थंडीताप, नाडीची धावपळ, श्वास जलद होणं अशी सगळ्या शरीराची लक्षणं दिसली तर गंभीर. पण मधुमेही माणसाला गंभीर संसर्गातही ताप येईलच असं नाही. रोजच्या गोळ्या, रोजचं जेवण तेच असताना साखर अचानक ३००-४०० वर गेली, तर आधी पाय पाहावेत. पायाला सूज आहे, कातडी काळीनिळी पडतेय, दाबल्यावर आत कुरकुर लागतेय किंवा दुर्गंधी येतेय, तर उद्यावर ढकलू नये. तळव्यातल्या कप्प्यांत पू कोंडला तर रातोरात बोटं जातात. असा पू त्याच दिवशी शस्त्रक्रियेनं मोकळा करावा लागतो. निव्वळ इंजेक्शनांनी तो बरा होत नाही.

काकांच्या जखमेत पू नाही, लाली नाही, सळई हाडाला लागत नाही. रक्त ठीक आहे, पाय बधिर आहे. म्हणजे ही निखळ दाबाची जखम. हिला प्रतिजैविकांची गरज नाही. हे ऐकून घरचे नाराज होतात. पण संसर्ग नसताना प्रतिजैविकं दिल्यानं जखम लवकर भरत नाही, औषधांना न जुमानणारे जंतू मात्र तयार होतात. संसर्ग असेल तेव्हा जखम साफ करून, मांसाचा तुकडा तपासायला पाठवून ती द्यायची असतात. वरवर कापूस फिरवून घेतलेल्या नमुन्यात पृष्ठभागावरचे नको ते जंतू येतात. मऊ भागाच्या संसर्गाला बहुधा एक ते दोन आठवडे औषध पुरतं. हाडाचा संसर्ग शस्त्रक्रियेविना बरा करायचा असेल, तर साधारण सहा आठवडे लागतात.

मग काकांसाठी खरा उपचार कुठला? जखमेवरचा भार काढून घेणं. याबद्दल सांगावं तितकं थोडंच आहे, कारण सर्वांत जास्त हेळसांड इथेच होते. पट्टी रोज बदलली जाते, महागडी मलमं येतात आणि माणूस त्याच जखमेवर चालत भाजी आणायला जातो.

चवड्यावरच्या जखमेला सर्वांत चांगलं ठरलेलं साधन म्हणजे पावलापासून गुडघ्याच्या खालपर्यंत अंगाला घट्ट बसणारं प्लास्टर. पायाचा प्रत्येक उंचवटा, खळगा धरून ते घातलेलं असतं. त्यामुळे भार साऱ्या तळव्यावर विभागला जातो, थोडा पोटरीभोवतीच्या प्लास्टरवर चढतो आणि जखमेच्या एका बिंदूवर तो एकवटत नाही. अमेरिकेत डेव्हिड आर्मस्ट्राँग आणि सहकाऱ्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत १२ आठवड्यांत असं प्लास्टर घातलेल्यांपैकी ८९.५ टक्के जणांच्या जखमा भरल्या. काढता-घालता येणारा उंच बूट दिलेल्यांत हे प्रमाण ६५ टक्के होतं, अर्ध्या तळाच्या बुटात ५८.३ टक्के. बूट काही कमअस्सल नव्हता. त्याच गटानं २००३ साली पायाला आणि बुटाला पावलं मोजणारी यंत्रं लावून पाहिलं, तेव्हा कळलं की रुग्णांची जेमतेम २८ टक्के हालचाल बूट घालून होत होती. घरात, न्हाणीघरात, रात्री उठताना तो बाजूलाच राहत होता. म्हणून आता तोच बूट पट्टीनं गुंडाळून न निघणारा करून टाकतात. दुखत नसलेल्या पायाला सांभाळा असं सांगणं सोपं, तसं वागणं फार अवघड असतं. रुग्णाला बोल लावण्यात अर्थ नाही. वेदना आपल्याला जे आपसूक करायला लावते, ते त्याला आठवण ठेवून करावं लागतं.

प्लास्टरला जाणता हात लागतो, आठवडा-दोन आठवड्यांनी ते उघडून पाहावं लागतं, आणि रक्तपुरवठा फार कमी असेल किंवा खोल संसर्ग असेल तर ते घालता येत नाही. ते जिथे शक्य नाही, तिथे जखमेची जागा मोकळी सोडून भोवती फेल्ट किंवा फोमची गादी चिकटवतात आणि योग्य पादत्राण देतात. हे कौशल्य गावोगाव पोचावं म्हणून नागपूरचे डॉ. शरद पेंडसे आणि टांझानियाचे डॉ. झुल्फिकारअली अब्बास यांनी ‘स्टेप बाय स्टेप’ हा प्रशिक्षण कार्यक्रम उभा केला. त्यात डॉक्टर आणि त्यांचा सहायक अशी जोडी एकत्र शिकते. पाय वाचवायला एकट्या डॉक्टरचे हात पुरत नाहीत, हे त्यात नेमकं ओळखलेलं आहे.

रक्तपुरवठा कमी असता, तर गोष्ट वेगळी झाली असती. तेव्हा आधी अँजिओप्लास्टी किंवा बायपास करून रक्त पायापर्यंत आणावं लागतं आणि मगच कापाकापी. कोरडं, काळं पडलेलं बोट रक्त आणण्याआधी घाईनं कापलं, तर कापलेली जागाच भरत नाही. विडी, सिगारेट, तंबाखू, मशेरी इथे सरळ शत्रू आहेत.

आणि मलम? जखम जास्त कोरडी नको, जास्त ओली नको, एवढं सांभाळणारी साधी निर्जंतुक पट्टी पुरते. मिठाच्या निर्जंतुक पाण्यानं धुवायचं. हायड्रोजन पेरॉक्साइड नव्या पेशीही मारतं. हळद, दगडी पाला, मध, मंजन, जखमेत भरलेली प्रतिजैविक पूड यांनी जखमेचं रूप झाकलं जातं आणि तपासणीला उशीर होतो. पाय गरम पाण्यात बुडवून ठेवू नये. निर्वातानं स्राव ओढणारं यंत्र शस्त्रक्रियेनंतरच्या मोठ्या जखमांना उपयोगी आहे, प्रत्येकाला ते लागत नाही. साखर ताब्यात आणायची, त्यासाठी काही काळ इन्सुलिन लागलं तर घ्यायचं, मूत्रपिंडाची स्थिती पाहून प्रथिनं पुरेशी खायची.

दर भेटीत जखमेची लांबी-रुंदी लिहून ठेवतात. चार आठवड्यांत तिचं क्षेत्रफळ निम्म्यावर आलं, तर ती भरण्याच्या मार्गावर आहे. तसं झालं नाही, तर मलम बदलण्यापेक्षा चारही प्रश्न पुन्हा विचारायचे. रक्त नीट मोजलं होतं का? हाडाचा संसर्ग नजरेतून निसटला का? घरी भार खरंच काढला जातोय का?

एक फसवा प्रकार इथे सांगून ठेवतो. जखम नाही, पण एक पाय अचानक सुजला, लाल आणि गरम झाला, आणि फारसं दुखतही नाही. याला संसर्ग किंवा संधिवात समजून आठवडे घालवले जातात. बधिर पायातली हाडं आणि सांधे आतल्या आत मोडत असण्याचा हा शार्को नावाचा विकार असू शकतो. पहिल्या दिवसांत प्लास्टर घातलं तर पायाचा आकार वाचतो. चालत राहिलं तर कमान कोसळते आणि पुढे त्या उलट्या कमानीच्या टोकावर नवी जखम होते.

काकांची जखम दोन-अडीच महिन्यांत भरली, असं धरू. भरलेल्या जखमांपैकी सुमारे ४० टक्के वर्षाच्या आत आणि ६५ टक्के पाच वर्षांत पुन्हा होतात, कारण बधिरपणा आणि पायाचा आकार तसाच राहिलेला असतो. म्हणून पादत्राण बदलावं लागतं. अंगठ्याच्या चपलेऐवजी मागे पट्टा असलेली सँडल, आत मऊ एमसीआर रबर, बाहेरचा तळ कडक, बोटांपुढे १ ते २ सेंटिमीटर जागा. पाय संध्याकाळी थोडे सुजतात, तेव्हाच माप द्यावं. घरातही अनवाणी चालू नये. देवळात जाताना जाड मोजे घालावेत आणि दुपार टाळावी. बोट सुजलं तर जोडवी लगेच काढावीत, निघत नसतील तर कापून घ्यावीत. बायका इथे फार वेळ घालवतात, म्हणून घरच्यांनीच पुढाकार घ्यावा. रोज रात्री तळवे पाहावेत, वाकता येत नसेल तर आरसा ठेवून किंवा नातवंडाला सांगून. तेल किंवा क्रीम टाचांना लावावं, बेचक्यांत नाही. नखं सरळ कापावीत, घट्टे घरी ब्लेडनं काढू नयेत. दोन्ही पायांच्या सारख्याच जागी तापमापक लावून २.२ अंश सेल्सियसपेक्षा जास्त फरक दोन दिवस सलग दिसला, तर चालणं कमी करून डॉक्टरांना दाखवावं. कातडी फुटण्याआधी ती जागा गरम होते.

संवेदना आणि रक्तपुरवठा शाबूत असलेल्या मधुमेहीनं पाय वर्षातून एकदा तपासून घ्यावेत. पाय बधिर असेल किंवा रक्त कमी पोचत असेल, तर सहा ते बारा महिन्यांनी. दोन्ही दोष असतील किंवा जोडीला आकारही बिघडला असेल, तर तीन ते सहा महिन्यांनी. काकांसारखी एकदा जखम होऊन गेलेली असेल, तर दर एक ते तीन महिन्यांनी, आणि जाताना रोज वापरातल्या चपला घालूनच.